बाजाराला निघालेली आई



गेल्या दिवाळीपूर्वींची एक साधी गोष्ट सांगून मी आजच्या विषयास आरंभ करतों. माझी मुलगी आपल्या दोन लेंकरांना घेऊन माहेरीं आली होती. थोरला नातू साडेचार वर्षांचा आणि धाकटी नात नऊ महिन्यांची. कापड घेण्यासाठीं आम्ही शहरांतील एका मोठ्या दुकानांत गेलों. दुकान दिव्यांनीं झगझगत होतें, मालाची रेलचेल होती. परंतु बसावयास एक खुर्ची म्हणून नव्हती. नातीला कडेवर सांवरून मुलगी एका हातानें साडीचा पोत पाहात होती आणि नातू तिची ओढणी ओढीत होता. त्यानें जवळच्या कापडाच्या चळतीला हात लावला, तोंच एक गुमास्ता म्हणाला, “मॅडम, मुलाला आवरा, नाहीं तर बाहेर घेऊन जा.” थोड्या वेळानें मुलाला लघवीची निकड लागली. येथें तशी सोय नाहीं, असें उत्तर मिळालें. “बाबा, चला घरीं,” एवढेंच मुलगी बोलली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. कांहीं अपराध घडल्याचा भाव होता, आणि तोच मला अधिक लागला.

परततांना पेठेंतील एका लहानशा दुकानापाशीं आम्ही थांबलों. दुकानदार वयस्क होते. त्यांनीं आधीं स्टूल पुढें केलें, “ताई, बसा,” म्हणाले, आणि नातवाची निकड ओळखून त्याला मागच्या आपल्या राहत्या घरांत धाडलें. तो परत आल्यावर त्याच्या हातीं एक कोरा कागद आणि पेन्सिल दिली. मुलीनें तेथें निवांतपणें तासभर कापड पाहिलें. पहिल्या दुकानांत आम्ही एक पैसाहि खर्च केला नव्हता. या दुकानांत ठरविल्यापेक्षां अधिकच खर्च झाला.

मी आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. त्यामुळें एखादी गोष्ट पाहिली कीं तिचा उगम कोठें, हा प्रश्न मनांत येतोच. लेंकरूं घेऊन आलेल्या आईला दुकानांत मान द्यावा, तिची सोय पाहावी, हा विचार व्यापाऱ्यांच्या जगांत एक पद्धति म्हणून केव्हां रूढ झाला? तो दयेंतून आला कीं हिशेबांतून? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आपणांस गेल्या शतकाच्याहि मागें, १९ व्या शतकांतील पॅरिस शहरांत जावें लागतें.

त्या काळच्या पॅरिसमधील जुन्या धर्तीच्या दुकानाचें चित्र डोळ्यांसमोर आणावें. माल आंत ठेवलेला. भाव लिहिलेला नसे. गिऱ्हाइकाचा पोशाख व चेहरा पाहून भाव सांगावयाचा आणि मग घासाघीस करावयाची, अशी रीत होती. दुकानांत पाऊल टाकलें म्हणजे कांहीं तरी घेतलेंच पाहिजे, असाहि संकेत असे. एकदां घेतलेला माल परत करण्याची गोष्ट बोलावयास नको. ज्या बाईच्या कडेवर रडणारें मूल आहे तिला घासाघीस कशी सुचावी? थकलेली आई सांगितलेल्या भावाला मान तुकवी, किंवा न घेतांच परत फिरे.

ही रीत मोडण्यांत ज्यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें ते आरिस्तीद बूसिको हे १८१० सालीं नॉर्मंडी प्रांतांतील बेलेम या गांवीं एका टोप्या करणाऱ्याच्या घरीं जन्मले. पॅरिसच्या एका कापडदुकानांत नोकरी करून अनुभव मिळविल्यावर १८५२ सालीं ते ‘बों मार्शे’ या दुकानांत भागीदार झाले. बों मार्शे म्हणजे स्वस्त. मालावर भाव लिहावा, तो सर्वांना एकच असावा, नफा थोडा आणि विक्री अधिक असावी, आंत येऊन नुसतें पाहून जाण्यास मुभा असावी, आणि न आवडलेला माल परत घ्यावा, हीं त्यांच्या व्यापाराचीं तत्त्वें होतीं. यांपैकीं ठरीव भावाची कल्पना त्यांच्यापूर्वींहि पॅरिसच्या कांहीं दुकानांनीं अंगीकारिली होती. म्हणून सारें श्रेय एकाच माणसाच्या पदरांत टाकणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु या सर्व गोष्टी एकत्र आणून त्या निष्ठेनें चालविणें, हें काम बूसिको यांनीं केलें. त्यांच्या पत्नी मार्गरीत या गरीब शेतकरी कुळांतल्या. पॅरिसमध्यें येऊन त्यांनीं कपडे धुण्याचेंहि काम केलें होतें. दुकानाच्या उभारणींत त्यांचा वांटा मोठा होता.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ कोणाला झाला असेल, तर तो मूल घेऊन आलेल्या आईला. भाव लिहिलेला असल्यामुळें वाद घालण्याची गरज उरली नाहीं. माल परत करतां येत असल्यामुळें घाईनें घेतलेल्या वस्तूची धास्ती उरली नाहीं. पुढें दुकानाची मोठी इमारत उभी राहूं लागली. तिचा पाया १८६९ सालीं घातला गेला. त्या इमारतींत वर्तमानपत्रें वाचण्यासाठीं एक दालन होतें. पत्नी खरेदी करीत असतां पतिराजांनीं तेथें बसून वाट पाहावी! फराळाच्या मेजावर गिऱ्हाइकांना सरबत फुकट मिळे.

आणि मुलांसाठीं? मुलांसाठीं रंगीत चित्रें होतीं. शिळाछापाच्या कलेनें अनेक रंगांत छापलेलीं हीं लहान चित्रें मुलांच्या हातीं फुकट पडत. मागच्या बाजूला दुकानाची जाहिरात असे. चित्रांच्या माला असत, बहुधा सहा सहांच्या. म्हणजे एक चित्र मिळालें कीं उरलेल्या पांचांसाठीं मूल आईला पुन्हा त्याच दुकानीं ओढून नेणार हें ठरलेलें! चित्रें वांटण्याचा वार गुरुवार. १८८२ च्या शिक्षणविषयक कायद्यानें फ्रान्समधील प्राथमिक शाळांना रविवारखेरीज आठवड्यांत आणखी एक दिवस सुटी दिली, आणि ती पुढें कित्येक वर्षें गुरुवारीं असे. शाळेची सुटी आणि दुकानाचा चित्रवार यांचा मेळ कसा जमला होता, हें सांगावयास नकोच.

प्रसिद्ध कादंबरीकार एमिल झोला यांनीं हीं दुकानें स्वतः हिंडून पाहिलीं, टिपणें केलीं, आणि १८८३ सालीं अशाच एका कल्पित दुकानावर कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यांतील दुकानमालक आईला जिंकण्याचा मार्ग मुलांतून जातो हें पुरतें ओळखून असतो. तो मुलांना चित्रें वांटतो आणि दुकानाचें नांव छापलेले फुगेहि वांटतो. हे फुगे घेऊन मुलें रस्त्यानें चाललीं कीं शहरभर फुकटची दवंडी पिटली जाते. झोला यांनीं या सौजन्यामागचा हिशेब उघडा करून दाखविला आहे.

म्हणून आपल्या प्रश्नाचें पहिलें उत्तर असें कीं, हें सौजन्य दयेंतून आलें नव्हतें. तो हिशेब होता, आणि हिशेब अचूक होता. १८५२ सालीं या दुकानाची वार्षिक विक्री पांच लाख फ्रँकांच्या आंत होती. १८७७ सालीं बूसिको वारले तेव्हां ती सात कोटींच्या घरांत गेली होती, आणि मूठभर नोकरांच्या जागीं सुमारें १८०० माणसें कामाला होतीं. परंतु हिशेबांतून जन्मलेली गोष्ट केवळ त्यामुळें त्याज्य ठरते काय? मला तसें वाटत नाहीं. आईला बसावयास खुर्ची मिळाली, मुलाच्या हातीं चित्र आलें, कोणी तिला फसविलें नाहीं. हें सुख खरेंच होतें.

मात्र या चित्राची दुसरी बाजू सांगितल्यावांचून इतिहास पुरा होत नाहीं. गिऱ्हाइकाला खुर्ची मिळाली. पण तिच्यापुढें माल मांडणाऱ्या मुलीला? त्या काळीं युरोपांतील दुकानांमध्यें काम करणाऱ्या मुलींना दिवसाचे बारा बारा तास उभें राहावें लागे. बूसिको दंपतीनें नोकरांसाठीं १८७६ सालीं भविष्यनिधि काढला, आणि मार्गरीतबाईंच्या मृत्युपत्रानें पॅरिसमध्यें एक रुग्णालयहि उभें राहिलें; तरी उभें राहण्याचा प्रश्न एका मालकाच्या उदारपणानें सुटणारा नव्हता. इंग्लंडांत १८९९ सालीं आणि फ्रान्समध्यें १९०० च्या डिसेंबरांत कायदा झाला, तेव्हां दुकानांतील कामकरी स्त्रियांसाठीं बैठक ठेवणें मालकांना भाग पडलें. आपल्या देशांत केरळनें २०१८ सालीं आणि तामिळनाडूनें २०२१ सालीं दुकानांतील नोकरांना बसण्याचा हक्क कायद्यानें दिला. म्हणजे मधें शंभराहून अधिक वर्षें गेलीं! त्या पहिल्या दुकानांतील गुमास्त्यावर मी मनांत रागावलों होतों. पण तो सकाळपासून किती तास उभा होता, हें मीं कोठें विचारलें होतें? जो स्वतः थकलेला आहे त्यानें दुसऱ्याच्या लेंकराचें कौतुक करावें, ही अपेक्षा मालकानेंच आधीं पुरी केली पाहिजे.

पॅरिसचें हें लोण लवकरच इतरत्र पोंचलें. शिकागोच्या एका मोठ्या दुकानांत अनेक वर्षें उमेदवारी केलेले हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांनीं १९०९ च्या मार्च महिन्यांत लंडनमध्यें आपलें दुकान उघडलें. तेथें वाचनाची खोली, उपाहारगृह, विसाव्याचें दालन आणि प्रथमोपचाराची सोय होती. आज आपणांस हें विशेष वाटणार नाहीं. परंतु त्या पूर्वींच्या लंडनमध्यें स्त्रियांसाठीं सार्वजनिक स्वच्छतागृहें अगदीं थोडीं होतीं. म्हणून घरापासून फार दूर जाणें मध्यम स्थितींतील बाईला, विशेषतः मूल बरोबर असतां, अशक्यप्राय होतें. स्वच्छतागृह असलेलें दुकान म्हणजे तिच्यासाठीं शहराचें दार उघडणें होतें. माझ्या नातवाच्या निकडीची क्षुल्लक वाटणारी गोष्ट मुळांत किती मोठी आहे, हें यावरून कळेल.

अमेरिकेंतील एक कथा मौजेची आहे. ओक्लाहोमा सिटी येथें सिल्व्हन गोल्डमन नांवाचे किराणा दुकानदार होते. हातांतील टोपली जड झाली कीं बायका खरेदी थांबवितात, हें त्यांनीं हेरलें आणि १९३७ सालीं घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन टोपल्या ठेवण्याची चाकांची गाडी तयार केली. पण आरंभीं कोणी तिला हात लावीना! तरुण स्त्रियांना ती बाबागाडीसारखी वाटे; घरीं बाबागाडी ढकलून कंटाळलेल्या आया दुकानांत आणखी एक कशाला ढकलतील, असें गोल्डमन यांनीं पुढें सांगितलें आहे. शेवटीं त्यांनीं पगारी माणसें नेमून त्यांच्याकडून दुकानांत गाड्या फिरवविल्या. तेव्हां लोकांची भीड चेपली. पुढें याच गाडीला मुलाची बैठक जोडण्यांत आली आणि जिला बाबागाडी म्हणून नाकारलें ती खरोखरीच अर्धी बाबागाडी झाली. आईचे दोन्ही हात मोकळे झाले, ही त्या बैठकीची खरी कमाई.

तथापि मुलाला पुढें करून आईच्या पिशवींत हात घालण्याचा मोहहि याच वाटेनें आला. पैसे देण्याच्या जागीं, जेथें रांगेंत थांबावेंच लागतें, तेथें नेमक्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर गोळ्या व चॉकलेटें मांडावयाचीं; मूल हट्ट करतें, मागचे लोक पाहात असतात, आणि लाजेकाजेस्तव आई ती वस्तु घेते. इंग्लंडांत १ ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या व मध्यम दुकानांना साखर, मीठ वा चरबी अधिक असलेले ठराविक पदार्थ अशा मोक्याच्या जागीं मांडण्यास मनाई झाली. चित्र देऊन मुलाला रमविणें आणि हट्टाला पेटवून आईला कोंडींत पकडणें, या दोहोंतील भेद ओळखणें कठीण नाहीं. पहिल्यांत आईचा भार हलका होतो. दुसऱ्यांत तो वाढतो. हीच कसोटी मी सर्वत्र लावीन.

आपल्याकडे हें सौजन्य नव्हतें काय? होतें. माझ्या लहानपणीं आईबरोबर वाण्याकडे गेलों म्हणजे तो सामान बांधून झाल्यावर माझ्या तळहातावर गुळाचा खडा किंवा चिमूटभर फुटाणे ठेवी. कापडाच्या पेढीवर पांढरीशुभ्र गादी असे, तिजवर मांडी घालून बसतां येई, आणि मागितल्यावांचून पाण्याचा तांब्या पुढें येई. ती गादी म्हणजे आमची खुर्चीच होती. पण त्या दुकानांत भाव लिहिलेला नसे, आणि बाईमाणसाच्या निकडीचा विचार कोणाच्या मनांत येत नसे, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. जुनें सारें सोनें आणि नवें सारें पितळ, असा पक्ष घेण्याचें मला कारण नाहीं. २०२० सालीं नव्या मुंबईंत तुर्भे येथें उघडलेल्या स्वीडिश फर्निचरच्या विशाल दुकानांत मुलांसाठीं खेळण्याची स्वतंत्र जागा ठेवली आहे. तिला संस्थापकाच्या स्मोलँड या जन्मप्रांताचें नांव आहे. आणि २०२५ च्या फेब्रुवारींत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें सार्वजनिक ठिकाणीं तान्ह्या मुलांना पाजण्यासाठीं स्वतंत्र जागा असावी, याकडे सरकारांचें लक्ष वेधिलें. पाऊल पडत आहे. पण प्रत्येक पेठेंतील प्रत्येक दुकानापर्यंत तें पोंचावयाचें आहे.

दुकानदार बंधूंनो, यासाठीं मोठें भांडवल लागत नाहीं. एक खुर्ची, एक तांब्या पाणी, स्वच्छतागृहाची किल्ली, आणि मुलाशीं दोन शब्द बोलण्याइतका विसावा मिळालेला नोकर, एवढें पुरे आहे. हा हिशेब पॅरिसमध्यें दीडशें वर्षांपूर्वीं फायद्याचा ठरलेला आहे; म्हणून परोपकार म्हणून नव्हे, तर धंदा म्हणून तो करून पाहा, असें मी म्हणतों.

आणि ज्या आयांना दुकानांतून लाजून परतावें लागतें त्यांना एवढेंच सांगावयाचें कीं, मूल बरोबर असणें हा अपराध नव्हे. माझ्या नातवानें त्या लहान दुकानांत कागदावर काढलेलें चित्र माझ्या मेजावर आहे. त्यांत दुकान आहे, आजी नाहीं, आजोबा नाहींत. फक्त एका मोठ्या स्टुलावर बसलेली आई आहे. त्याला तें दुकान तसेंच आठवणार आहे.