धुक्यात 'नाही' म्हणण्याचा हक्क

९ जानेवारी १९९३ रोजी आपल्या हैदराबादहून दिल्लीला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे एक विमान पालम विमानतळावर दाट धुक्यात उतरताना धावपट्टी सोडून बाजूला गेले, उलटे झाले आणि त्याने पेट घेतला. आत १६५ माणसे होती. सगळी वाचली. देवाची कृपा, असेच तेव्हा बेगमपेठ विमानतळाबाहेर बातमीची वाट पाहणारे म्हणाले असतील, आणि आम्हीही तेच म्हणू.

पण त्या अपघाताची एक बाजू आता फारशी कोणाच्या लक्षात नाही. ते विमान इंडियन एअरलाइन्सचे नव्हतेच. रशियन बनावटीचे ते तुपोलेव्ह विमान उझबेकिस्तानकडून चालकांसकट भाड्याने आणलेले होते. कारण १९९२ च्या डिसेंबरपासून इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर होते, आणि संप चालू असतानाही विमाने उडत आहेत हे दाखवणे सरकारला गरजेचे वाटत होते.

यंदाच्या स्मरणिकेसाठी वैमानिकांच्या संपाचा विषय घेण्याचे कारण तेच. आपली मुले-नातवंडे पुण्याला, बंगळूरला, परदेशात आहेत. सणाला येणे-जाणे विमानाने होते. उड्डाण रद्द झाले की आपण सगळेच म्हणतो, "एवढा पगार घेतात, वर संप कसला करतात?" हा प्रश्न खोटा नाही. पण त्याला जुना इतिहास आहे, आणि त्या इतिहासात धुके पुन्हा पुन्हा येते.

वैमानिकांचा पहिला गाजलेला संप पगारासाठी झालाच नव्हता. १९१९ च्या जुलैमधली गोष्ट. अमेरिकेत टपालखात्याने विमानाने टपाल पोचवायला सुरुवात करून जेमतेम वर्ष झाले होते. विमाने उघडी, यंत्रे अपुरी, रेडिओ नाही. न्यूयॉर्कजवळच्या मैदानावर दाट धुके उतरलेले असताना दोघा वैमानिकांनी उड्डाणाला नकार दिला. खात्याच्या वरिष्ठांचा हुकूम होता की हवा कशीही असो, टपाल वेळेवर गेले पाहिजे. दोघांना कामावरून काढले. तेव्हा बाकीच्या वैमानिकांनीही विमाने जमिनीवरच ठेवली. काही दिवसांतच तडजोड झाली. तिच्यातले एक कलम आजही वाचण्यासारखे आहे. हवेबद्दल मतभेद झाला तर मैदानाच्या व्यवस्थापकाने आधी स्वतः वर जाऊन पाहावे. त्याला विमान चालवता येत नसेल, तर टपालाच्या पिशव्यांच्या जागी बसून जावे! काढलेल्या दोघांपैकी एकालाच परत घेतले गेले, पण तत्त्व मान्य झाले. पुढे १९३१ मध्ये अमेरिकी वैमानिकांची देशव्यापी संघटना उभी राहिली, तेव्हा तिने वेळापत्रक पाळा, पण सुरक्षितपणे, अशा आशयाचे ब्रीद घेतले. त्या पहिल्या दशकांत या धंद्यातले कितीतरी वैमानिक अपघातांत गेले होते.

आता आपल्याकडे वळू. संप हा शब्द मराठी माणसाला कोणी बाहेरून येऊन शिकवला नाही. ज्यांच्या प्रेरणेने आज आपण या मंडपात जमतो, त्या लोकमान्यांना २२ जुलै १९०८ रोजी मुंबई हायकोर्टात सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून गिरणगाव बंद पडले. सहा वर्षांना सहा दिवस, असा हिशेब कामगारांनी मांडला. लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्या वेळी कामगार संघटनेला कायद्याचा आधारसुद्धा नव्हता. तो १९२६ च्या कायद्याने आला.

संप हा हक्क आहे की गुन्हा, हा प्रश्न खऱ्या अर्थाने मांडला गेला तो १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. आधी समेटाची सगळी प्रक्रिया पुरी करा, तोवर संप बेकायदा आणि करणाऱ्याला शिक्षा, असा त्याचा रोख होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा वकिलाचा होता तसा माणसाचाही होता. काम थांबवणे हा फार तर कराराचा भंग आहे, त्याची भरपाई दिवाणी कोर्टात मागा. पण काम न केल्याबद्दल माणसाला तुरुंगाची भीती घालणे म्हणजे त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून काम करून घेणे, आणि त्याला गुलामी याखेरीज दुसरे नाव नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. बाबासाहेब आणि कॉम्रेड डांगे यांच्यासारखे एरवी न पटणारे नेते त्या दिवशी एका बाजूला उभे होते. विधेयक मात्र मंजूर झाले.

स्वातंत्र्यानंतरचा आपला कायदा या दोन टोकांच्या मधोमध चालत आला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने विमानसेवा ही रेल्वेसारखीच लोकोपयोगी सेवा ठरवली. अशा सेवेत संप करता येतो, पण आधी नोटीस द्यायची, निदान चौदा दिवस थांबायचे, आणि समेटाची बोलणी चालू असताना संप करायचा नाही. संघटना काढणे हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क, पण संप हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच स्पष्ट केले. त्यावर अत्यावश्यक सेवांचा कायदा, म्हणजे आपण ज्याला 'एस्मा' म्हणतो तो. सरकारने ठरवले तर संपाला मनाई करून अटकही करता येते.

याची दोन्ही अंगे आमच्या पिढीने पाहिली आहेत. १९७४ च्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला, तेव्हा सिकंदराबादच्या रेल्वे वसाहतींतही चुली मंदावल्या होत्या, आणि त्याच वेळी लग्नाची वऱ्हाडे स्टेशनांवर अडकून पडली होती. एकाच घरात एक भाऊ संपावर आणि दुसरा अडकलेला प्रवासी, असे चित्र तेव्हा नवलाचे नव्हते.

वैमानिकाच्या बाबतीत आणखी एक पेच होता. एवढ्या पगाराचा, टाय आणि टोपी घालणारा कॅप्टन हा 'कामगार' कसा? कायद्याचे उत्तर सरळ आहे. पगार किती यापेक्षा काम काय, हे पाहायचे. वैमानिकाचे काम कौशल्याचे, तांत्रिक आहे. तो मालकाच्या वतीने कोणाला नेमत नाही, काढत नाही. म्हणून तो कामगारच, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकात म्हटले आहे.

असे असूनही अलीकडच्या गाजलेल्या संपांना संप म्हटले गेले नाही. २००९ च्या सप्टेंबरमध्ये जेट एअरवेजचे तीनशेहून अधिक वैमानिक एकाच दिवशी 'आजारी' पडले. त्यांनी नुकतीच संघटना नोंदवली होती. त्यानंतर दोघांना काढले गेले, आणि ते संघटनेमुळेच, असे त्यांचे म्हणणे होते. पाच दिवस हजारो प्रवाशांचे हाल झाले, कोर्टकचेरी झाली, मग समेट झाला. २०१२ च्या मे महिन्यात एअर इंडियाच्या वैमानिकांनीही आजारपणाची रजा टाकली. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कोणाला मिळावे, विलीन झालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना की आधीपासून एअर इंडियात असलेल्यांना, हा त्यांचा वाद. दिल्ली उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली, शंभराच्या आसपास वैमानिकांना कामावरून काढले गेले, तरी संप ५८ दिवस चालला आणि जुलैच्या सुरुवातीला मिटला.

या दोन संपांत वैमानिकांची बाजू सारखीच न्याय्य होती, असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या वादात बढतीचा आणि ज्येष्ठतेचा भाग मोठा होता, आणि उपचारासाठी निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते. नोटीस न देता रुग्ण म्हणून घरी बसणे हेही शोभणारे नाही. पण एवढी शिकलेली माणसे खोटे आजारपण का घेतात, हे विचारायला हवे. समोरचा दरवाजा लावून घेतला की माणसे खिडकीतून बाहेर पडतात. संसदेने २०२० मध्ये केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने आता तीही खिडकी लावली आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी मिळून किरकोळ रजा घेतली, तर तो संपच धरायचा. आणि चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना.

मग प्रश्न उरतो तो दमणुकीचा. वैमानिकांचे सर्वांत जुने गाऱ्हाणे हेच आहे. रात्रीची उड्डाणे, एकामागून एक उतरणे, अपुरी झोप. विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या जानेवारीत नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, आणि रात्री विमान उतरवण्याची संख्या सहावरून दोन. कंपन्यांना ते जड वाटले आणि अंमलबजावणी लांबली. या वेळी वैमानिकांच्या संघटना संपावर गेल्या नाहीत, दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि २०२५ मध्ये नियम दोन टप्प्यांत लागू झाले. पुढचे आपल्या सर्वांना आठवते. त्याच डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीकडे नव्या नियमांना पुरतील एवढे वैमानिक कामाला लावता आले नाहीत, आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर सामानाचे डोंगर, जमिनीवर झोपलेली लेकरे. त्या दिवसांत एकाही वैमानिकाने संप केला नव्हता. तरी विमाने थांबली, आणि गाडे सुरू व्हावे म्हणून विश्रांतीच्या नियमांतूनच तात्पुरती सूट दिली गेली.

१९१९ चे धुके आणि २०२५ ची गर्दी यांत शंभर वर्षांचे अंतर आहे, पण हुकूम तोच आहे. वेळ पाळा, बाकीचे आम्ही बघून घेऊ. विमान मात्र हुकूम देणारा उडवत नसतो.

म्हणून आम्हांला वाटते की वैमानिकाच्या संपाकडे पाहताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पगार आणि बढतीसाठी संप असेल, तर नोटीस, समेट, लवाद या पायऱ्या त्याने चढल्याच पाहिजेत. प्रवाशाला पंधरा दिवस आधी कळणे हा प्रवाशाचाही हक्क आहे. पण धुके, बिघाड, दमणूक यांपुढे "मी आज उडवणार नाही" असे म्हणणाऱ्याला नोकरीची भीती असता कामा नये. आणि तो एकटा असताना ती भीती जात नाही. त्याच्यामागे संघटना लागते, आणि संघटनेच्या हातात शेवटी काहीतरी लागते. १९१९ मध्ये त्या दोघांच्या मागे बाकीचे उभे राहिले नसते, तर व्यवस्थापकाला टपालाच्या पिशव्यांत बसायला कोणी सांगितले असते?

बाबासाहेबांनी १९३८ मध्ये गिरणीकामगाराबद्दल जे म्हटले, ते कॉकपिटमध्येही लागू पडते. ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही, त्याच्या 'हो'वर भरवसा कसा ठेवायचा? आणि त्या 'हो'वर भरवसा ठेवूनच तर आपण आपल्या लेकरांना विमानात बसवतो.

विघ्नहर्त्यापुढे हात जोडताना आपण प्रवासाला निघालेल्यांचे क्षेम मागतोच. या वर्षी त्या प्रार्थनेत पुढे बसलेल्या त्या दोघांचीही आठवण ठेवू. त्यांना पुरेशी झोप मिळो, आणि गरज पडली तर नकार देण्याचे बळही मिळो. गणपती बाप्पा मोरया!