उलट्या जहाजातून वर

टायटॅनिक बुडालं 15 एप्रिल 1912 च्या पहाटे आणि मे महिन्यात अमेरिकेत त्यावरचा चित्रपट लागलाही. ‘सेव्ह्ड फ्रॉम द टायटॅनिक’ या छोट्या मूकपटाची नायिका होती डोरोथी गिब्सन. ती स्वतः त्या जहाजावर होती आणि सात नंबरच्या होडीतून आईसोबत वाचली होती. पडद्यावर तिने कपडेही त्या रात्री अंगावर होते तेच घातले. जखम इतकी ओली असताना तिला पुन्हा त्याच प्रसंगात उभं करणं मला क्रूरच वाटतं. चित्रपटाच्या प्रती 1914 मध्ये स्टुडिओच्या आगीत जळाल्या, त्यामुळे आज तो कुणालाच पाहता येत नाही.

पडद्यावर आग दाखवण्याची हौस त्याहून जुनी. जेम्स विल्यमसनने इंग्लंडमध्ये ‘फायर!’ केला तो 1901 मध्ये. पण पुढे कितीतरी वर्षं संकट हा कथेचा शेवटचा अंक असायचा. 1936 च्या ‘सॅन फ्रान्सिस्को’मध्येही प्रेमकथा बरीच रंगल्यावर भूकंप होतो.

संकटच अख्खी कथा व्हावी, ही वाट 1970 च्या ‘एअरपोर्ट’ने मोकळी केली. साचा मात्र पक्का झाला 1972 च्या ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’मध्ये. निर्माता अर्विन ॲलन. नववर्षाच्या मध्यरात्री प्रचंड लाट येते आणि जहाज उलटं होतं. छत पायाखाली, जमीन डोक्यावर. आता वाचायचं तर तळाकडे, म्हणजे वर चढायचं. दिवाणखान्यातलं उंच ख्रिसमस ट्री उभं करून त्याची शिडी केली जाते. बहुतेक प्रवासी जहाजावरच्या अधिकाऱ्याचं ऐकून खालीच थांबतात, मदतीची वाट बघत. मोजकेच चढतात. मग पाणी आत घुसतं, खालचे सगळे एकदम झाडाकडे धावतात आणि त्यांच्या वजनाने झाड कोसळतं.

माझ्या मते या चित्रप्रकाराचं सगळं बळ त्या झाडाशी आहे. लाट किती मोठी होती हे प्रेक्षक विसरतो; आपण चढलो असतो की थांबलो असतो, हा प्रश्न त्याच्याबरोबर घरी येतो.

दोन वर्षांनी ॲलननेच ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ आणला. उंच इमारतीच्या आगीवरच्या दोन वेगवेगळ्या कादंबऱ्यांचे हक्क दोन वेगवेगळ्या स्टुडिओंकडे होते. त्याने दोघांना एकत्र आणून एकच चित्रपट केला. इथे 138 मजली इमारत पेटते ती निकृष्ट वायरिंगमुळे, कारण खर्च वाचवायला कुणीतरी ठरलेला माल वापरलेला नाही. खाली आग आणि वरच्या मजल्यावर उद्घाटनाची मेजवानी. आपल्याकडच्या कुठल्याही शहरातल्या माणसाला हे परकं वाटू नये.

हाच वारसा घेऊन 1980 मध्ये रवी चोप्रांचा ‘द बर्निंग ट्रेन’ आला. दिल्लीहून मुंबईला निघालेली नवी सुपर एक्सप्रेस, ब्रेक निकामी आणि डब्यांत आग. इथल्या मातीत येताना साच्यात भर पडली: गाणी आली, दुरावलेली जोडपी आली, बाईंबरोबर निघालेली शाळेची मुलं आली. धर्मेंद्र, जितेंद्र, विनोद खन्ना एवढे तारे असूनही मला तरी ती मुलं जास्त आठवतात.

त्याच वर्षी अमेरिकेत ‘एअरप्लेन!’ने या साच्याची मनमुराद खिल्ली उडवली. तो संपला असं वाटावं, तर 1996 मध्ये ‘ट्विस्टर’ आला, पुढच्याच वर्षी जेम्स कॅमेरॉनचा ‘टायटॅनिक’. 2020 मध्ये करोनाने लोक घरात कोंडले गेले तेव्हा त्यांनी 2011 चा ‘कंटेजन’ शोधून शोधून पाहिला. भीतीपासून पळण्याऐवजी माणसं तिच्याकडे वळली. पुढे नेमकं काय काय होऊ शकतं, कोण कसं वागेल, हे त्यांना बघून ठेवायचं होतं.

अलीकडच्यांत मला सगळ्यात जवळचा वाटतो मल्याळममधला, केरळच्या महापुरावरचा ‘2018’. 2023 मध्ये आला आणि केरळबाहेरही भरपूर पाहिला गेला. त्यात पुराचं पाणी खरंखुरं वाटतं, पण लोकांनी तो उचलून धरला तो माणसांसाठी. त्या पुरात किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून बुडालेल्या गावांत नेल्या होत्या आणि हजारोंना बाहेर काढलं होतं. चित्रपटाने त्यांना मधोमध आणलं.