गिअरविना धांवणारी गाडी

घोडा चढणीवर आपण होऊन पाऊल आंखडतो व सपाटीवर तें लांबवितो. यंत्राच्या गाडीला हें शहाणपण उपजत नसतें. इंजिनाचा जोर ठराविक वेगाच्या आसपासच चांगला लागतो. म्हणून मध्यें दांतेरी चक्रें घालून गिअर बदलण्याचें काम चालकावर सोंपविलें गेलें. १९७२ सालीं आलेल्या बजाज चेतक स्कूटरवर डाव्या हातानें क्लच दाबून मूठ फिरवावी लागे. हें ज्यांना साधत नसे, त्यांना पाठीमागच्या बैठकीवरच समाधान मानावें लागे. आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती.

या अडचणीवरील उपाय हॉलंडांत निघाला. हुब व्हान डोर्न यांची डाफ मोटार १९५८ सालीं लोकांपुढें आली. तींत गिअरच्या चक्रांऐवजीं कप्प्या व त्यांवरून फिरणारे रबरी पट्टे होते. कप्पीच्या दोन तबकड्या जवळ आल्या कीं पट्टा कडेकडे चढतो. दूर झाल्या कीं आंसाकडे उतरतो. पुढचा घेर वाढला म्हणजे मागचा घटतो. जिन्याच्या पायऱ्या जाऊन तेथें उतरण यावी, तसा हा पालट! गंमत अशी, कीं ही मोटार जितक्या वेगानें पुढें जाई, तितक्याच वेगानें मागेंहि धांवूं शके.

महाराष्ट्रांतील फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनें १९७२ सालीं लूना काढून सामान्य घरांत दुचाकी पोंचविली होती. १९८४ सालीं जपानच्या होंडा कंपनीशीं भागीदारी होऊन कायनेटिक होंडा स्कूटर निघाली. तिचा कारखाना मध्यप्रदेशांत पीथमपूर येथें होता. ९८ घनसेंटिमीटरचें इंजिन बटण दाबतांच सुरू होई, आणि पट्ट्याची हीच युक्ति गिअरचें काम करी.

युक्ति सोपी, पण तिचा मेळ जमविणें कठीण. पुढच्या कप्पींत लहान गोल वजनें असतात. वेग वाढला कीं तीं बाहेर फेंकलीं जाऊन तबकडीला रेटतात. मागची स्प्रिंग त्यांना विरोध करते. वजनें फार हलकीं असलीं तर इंजिन उगाच ओरडतें व पेट्रोल व्यर्थ जळतें. फार जड असलीं तर चढणीवर गाडीचा दम तुटतो. म्हणून परीक्षेच्या वेळीं इंजिनाचे व मागच्या चाकाचे फेरे एकदमच मोजून वजनें व स्प्रिंग पुन्हां पुन्हां बदलावीं लागतात. पट्ट्याची उष्णताहि तपासावी लागते; कारण तापलेला पट्टा घसरतो व लवकर झिजतो. परभणीसारख्या जिल्ह्यांत उन्हाळ्याचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेथें ही कसोटी अधिकच महत्त्वाची ठरते.

१९९८ सालीं होंडा या भागीदारींतून बाहेर पडली, आणि २००१ सालीं त्याच तत्त्वावरची आपली अ‍ॅक्टिवा घेऊन स्वतंत्रपणें बाजारांत उतरली. भागीदारी आली तशी गेली. आपल्या घरचें संशोधन किती आवश्यक आहे, हा धडा मात्र मागें राहिला. तथापि, गिअरवांचून स्कूटर चालते हें घरोघर पटवून देण्याचें श्रेय त्या पहिल्या गाडीला द्यावेंच लागेल. आज गांवोगांव शिक्षिका, परिचारिका व विद्यार्थिनी कोणाची वाट न पाहतां स्वतःच्या गाडीवरून कामाला निघतात, त्या सोयीमागें हा रबरी पट्टा आहे.