सोळाशेचा भरवसा

अमरावतीच्या राजापेठेतल्या दुकानदारांत हल्ली एक मत चांगलंच रुजलं आहे. फोन सोळाशेने सुरू झाला की तो बँकेचा, दहा आकडी मोबाइलवरून आला की तो लफंग्याचा. ‘सोळाशेचा हाय नं, मंग काय्ले भेता?’ असं शेजारचा दुकानदार समजावतो. शिकलेली मंडळीही हेच सांगतात, फक्त जरा शुद्ध मराठीत.

या समजुतीला आधार आहे, हे आधी कबूल करायला हवं. दूरसंचार विभागाने मे 2024 मध्ये सरकारी कार्यालयं आणि वित्तसंस्थांच्या सेवाविषयक फोनसाठी 160 ची मालिका ठरवली. जाहिरातीच्या फोनसाठी 140 होतीच. जानेवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना त्यातल्याच सोळाशेचा पायंडा घालून दिला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने मुदती बांधून दिल्या: व्यापारी बँकांना 1 जानेवारी 2026, सहकारी आणि ग्रामीण बँकांना 1 मार्च. हा क्रमांक पडताळणीशिवाय मिळत नाही. परदेशातून इंटरनेटवरून फोन करून पडद्यावर भारतीय क्रमांक उमटवण्याची चलाखी रोखणारी यंत्रणा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या 24 तासांतच तिने 1.35 कोटी फोन अडवले. तेव्हा सोळाशेची नक्कल करणं सोपं नाही, इथपर्यंत पूर्वपक्ष बरोबर आहे.

गडबड पुढे आहे. क्रमांक पाहून माणूस ओळखता येतो, हे गृहीतच मुळात डळमळीत आहे आणि ते डळमळीत केलं सरकारी धोरणानेच. एके काळी 0721 म्हणजे अमरावती, 0724 म्हणजे अकोला. क्रमांक आणि गाव यांची गाठ पक्की होती. जानेवारी 2011 पासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, म्हणजे क्रमांक आणि कंपनी यांची गाठ सुटली. जुलै 2015 पासून तोच क्रमांक घेऊन देशभर कुठेही जाता येऊ लागलं, मग क्रमांक आणि प्रदेश वेगळे झाले. 2018 मध्ये इंटरनेट टेलिफोनीची वाट मोकळी झाली आणि बीएसएनएलने ‘विंग्ज’ आणलं. त्यात दहा आकडी क्रमांक मिळे, सिमकार्ड लागत नसे. यातला प्रत्येक बदल ग्राहकाच्या सोयीचाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या क्रमांकाच्या एकेक गाठी आपण हौसेने सोडल्या, त्यालाच आता माणसाची ओळख पटवायला साक्षीदार म्हणून उभं करायचं, हे जरा जास्तच झालं.

शिवाय चोर काही दरवेळी बँकवाला होऊन येत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये तो पोलिसाच्या वर्दीत व्हॉट्सॲपच्या व्हिडिओवर येतो. आज रात्री वीज कापू म्हणणारा महावितरणचं नाव सांगतो, तर पार्सलात अमली पदार्थ सापडल्याचं सांगणारा कुरिअरचं. तिथे सोळाशेचा प्रश्नच उद्भवत नाही. खरा पोलीससुद्धा बहुधा स्वतःच्या मोबाइलवरूनच बोलतो.

आणि आपल्या सहकारी बँका? पिग्मी एजंट फोन करतो तो खिशातल्या मोबाइलवरून. ‘भाऊ, केवायसी राह्यली, दुपारून येऊन जा’ म्हणणारी शाखेतली ताईसुद्धा तशीच. गावाला या आवाजांची वर्षानुवर्षांची सवय. मग दुकानदाराने काय करायचं? नियमाला धरून राहिला तर ओळखीच्या ताईवर संशय घ्यायचा, ओळखीला धरून राहिला तर नियम सोडायचा. बहुतेक जण ओळखीलाच धरतील, आणि ओळखीचा आव आणणाऱ्या चोराला तेवढीच फट पुरते.

इथे दुसरा पूर्वपक्ष उभा राहतो: व्हॉट्सॲपसारख्या फोनसेवांनाही परवान्याखाली आणा, म्हणजे मुळावरच घाव बसेल. टेलिफोन कंपन्यांचा ‘समान सेवा, समान नियम’ हा जुनाच हट्ट आहे. ट्रायने सप्टेंबर 2020 मध्ये तूर्त गरज नाही म्हणून तो बाजूला ठेवला होता. या युक्तिवादाला लातूरचा एक दाखला पुरे. जून 2017 मध्ये तिथे एक बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज पकडलं गेलं. परदेशातले फोन इंटरनेटवरून आत घ्यायचे आणि स्थानिक सिमकार्डांतून बाहेर सोडायचे, असा तो धंदा. ऐकणाऱ्याच्या पडद्यावर साधा देशी क्रमांक. ती सिमकार्डं परवानाधारक कंपन्यांचीच होती. परवाना कंपनीला बांधतो, फोन करणाऱ्याला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागाने, नोंदणीचं सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू नये, असा आदेश काढला. परदेशात बसून भारतीय क्रमांकाचं व्हॉट्सॲप चालवणाऱ्यांना त्याने थोडी अडचण होईल. भाड्याने सिम देणारे सापडतात तोवर थोडीच.

मग सोळाशेचा नियम कुचकामी का? मुळीच नाही. त्याचा उपयोग आपण चुकीच्या जागी शोधतो आहोत, एवढंच. आलेला फोन सोळाशेचा असो की मोबाइलचा, पैशाची गोष्ट निघाली की तो ठेवायचा आणि पासबुकावरचा किंवा कार्डामागचा क्रमांक स्वतः फिरवायचा. गुगलवर सापडलेला नको. तिथे बनावट ‘कस्टमर केअर’ टपलेलेच असतात. बँकांनी आपले खरे क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर देण्यासाठी कळवावेत, हेही रिझर्व्ह बँकेच्या त्याच जानेवारीच्या पत्रकात आहे. त्याची चर्चा मात्र कोणी करत नाही.

नियमाचं खरं वजन पडेल ते तक्रारीच्या टेबलावर. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात पैसे गेले आणि 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार पडत नाही. पण ओटीपी त्याने स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कारण तो निष्काळजी. आजवर या शब्दापुढे राजापेठेतला दुकानदार निरुत्तर व्हायचा. आता त्याला उलट विचारता येईल: मुदत संपल्यावरही तुमची माणसं मला साध्या मोबाइलवरून फोन करत होती की नाही? कोणत्याही क्रमांकावर विश्वास ठेवायची सवय मला लावली कोणी? त्यासाठी पुरावा हवा, आणि तो गोळा करणं अवघड नाही. फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनंतर अशा फोनची तक्रार 3 ऐवजी 7 दिवसांत करता येते आणि त्यासाठी ‘डीएनडी’त नाव असण्याचीही अट राहिलेली नाही. बँकेच्या नावाने मोबाइलवरून फोन आला, मग तो खरा असो वा खोटा, 1909 या तक्रार क्रमांकावर नोंदवून ठेवावा. पैसे गेलेच असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, 1930.