बॅच नंबर कळतो, पेशंट कळत नाही

ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या एफडीएने आवाहन केलं : कोल्ड्रिफ सिरपची एसआर-१३ बॅच घरात असेल तर वापरू नका. शेजारच्या छिंदवाड्यात मुलं दगावली होती. काहींवर नागपुरात उपचार चालले होते. तमिळनाडूच्या तपासणीत त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं.

हे विष महाराष्ट्राला नवीन नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १४ रुग्ण गेले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून ग्लिसरीन देत. औषधी ग्लिसरीनच्या जागी औद्योगिक माल आला, त्यात हेच विष होतं. किडन्या निकामी झाल्या. न्या. बख्तावर लेंटिन आयोगाने खरेदीपासून एफडीए आणि मंत्र्यांपर्यंत सगळ्यांचे वाभाडे काढले.

त्यानंतर औषधाचा माग ठेवायला काय आलं? मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ : ठरावीक अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं वगैरे देताना डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं, हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. (किती ठिकाणी रोजच्या रोज लिहितात, हे विचारू नका.) मग १ ऑगस्ट २०२३ पासून डोलो, कॅलपॉल, अलेग्रा अशा ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइल धरला की कंपनी, बॅच, एक्सपायरी, परवाना नंबर दिसतो. चांगलंच झालं. पण ब्रँड फक्त ३००, आणि स्कॅन करायचं कोणी? तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेतलेल्या आईने?

आता तालुक्याच्या मेडिकलमध्येही कॉम्प्युटर आहे. तो आला साठा, एक्सपायरी आणि जीएसटीसाठी; पेशंट त्यात कुठेच नव्हता. तरी बिलावर बॅच नंबर छापून येतो. म्हणजे अमुक बॅच कोणत्या बिलावर गेली, हे सापडू शकतं. नावाच्या जागी नुसतं ‘कॅश’ असेल तर मात्र फोन कोणाला लावणार? आणि आपण तर बिलच घेत नाही, ‘दोन रुपये कमी करा’ म्हणून पाकीट खिशात टाकतो.

एफडीएने परत मागवलेली बॅच दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप अडवली जावी आणि आधी नेलेल्यांना मेसेज जावा, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. बँक दहा रुपये कापल्याचा मेसेज पाठवते. आपल्या गावातल्या केमिस्ट मंडळींनी इथेच सांगावं : उद्या एखादी बॅच परत मागवली, तर नेणाऱ्यांची यादी तुमच्याकडे निघेल का?