झेरॉक्सची पाने आणि स्वामित्वहक्क

परीक्षेच्या तोंडावर महाविद्यालयालगतच्या झेरॉक्सच्या दुकानांत जी झुंबड उडते, ती कायद्याच्या लेखी चोरी ठरते काय? हा प्रश्न २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठावर व दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस या दुकानावर दावा लावला. अभ्यासक्रमात नेमलेली, निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणे एकत्र बांधून हे दुकान विद्यार्थ्यांना विकत असे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या संचांच्या विक्रीला अंतरिम मनाई झाली. ज्यांच्या लेखनाच्या प्रती निघत होत्या, त्यांपैकी काही लेखक मात्र विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले!

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५२ मध्ये, परवानगीविना केलेला कोणता वापर उल्लंघन ठरत नाही, याची सूची आहे. शिक्षक वा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत तीत येते. ही सवलत वर्गाच्या चार भिंतींपुरतीच असून दुकानदाराच्या धंद्याला ती लागू नाही, असे प्रकाशकांचे म्हणणे होते. ते अगदीच निराधार म्हणता येणार नाही. विद्वत्तापूर्ण ग्रंथांचा ग्राहकवर्ग मुळातच लहान असतो. पण एकेका प्रकरणासाठी महागडी परदेशी पुस्तके विकत घेणे सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे, हेही तितकेच खरे.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. विद्यार्थी ग्रंथालयात बसून हाताने उतारे घेत असत, तेच काम आता यंत्र करते. तेवढ्याने ते बेकायदा ठरत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. ९ डिसेंबर रोजी खंडपीठाने हाच अर्थ उचलून धरला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले न्या. प्रदीप नंदराजोग या खंडपीठावर होते. अध्यापनासाठी आवश्यक तेवढा मजकूर, हीच कसोटी खंडपीठाने ठरविली. पानांची टक्केवारी घालून दिली नाही. प्रस्तुत संचांतील सारा मजकूर खरोखरच आवश्यक होता काय, एवढा मुद्दा मात्र पुन्हा तपासणीसाठी खाली पाठविला. ती तपासणी झालीच नाही, कारण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

हा निर्णय मुंबई-पुण्याच्या न्यायालयांना मार्गदर्शक आहे, बंधनकारक नव्हे. शिवाय तो शिक्षणापुरता आहे. लोकप्रिय कादंबरीच्या प्रती काढून पदपथावर विकणाऱ्याला त्याचा आधार घेता येणार नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरगुती वापर, संशोधन, समीक्षा यांसाठी कायदा ‘रास्त’ वापराची मुभा देतो. पण रास्त म्हणजे किती, हे प्रत्येक प्रकरणागणिक ठरते.

जुन्या पुस्तकांची गोष्ट निराळी. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मधले. त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ च्या आरंभापासून सर्वांना खुली आहे. मात्र नव्या आवृत्तीतील प्रस्तावना वा चित्रे यांवरील हक्क स्वतंत्र असतो.