एकाच मातीतले दोन संघ

वैर आणि चुरस हे शब्द आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांच्यात फरक आहे, आणि तो लहान नाही. वैर एकट्याला धरता येतं. कमठाने पार्श्वनाथांशी जन्मोजन्मी वैर धरलं, समोरून वैराचं उत्तर कधी आलंच नाही, तरी त्याचं वैर चालूच राहिलं. चुरशीचं तसं नाही. तिला दोघं लागतात, दोघंही जवळपास तोडीस तोड लागतात, आणि दोघांनी पुन्हा पुन्हा समोरासमोर यावं लागतं. एकाने पाठ फिरवली की चुरस संपली.

आणखी एक गोष्ट आपल्या बायकांना पुस्तकं न वाचताही ठाऊक असते. सातासमुद्रापलीकडच्या बाईशी कुणी चढाओढ करत नाही. ती होते शेजारणीशी, जावेशी, एकाच विहिरीवर पाणी भरणारीशी. खेळातल्या चुरशीचंही मूळ असंच जवळ असतं. गोव्याच्या फुटबॉलमध्ये धेंपो आणि साळगावकर या दोन संघांची चुरस अनेक दशकं गाजली. तिचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. डिचोली तालुक्यातल्या लाल मातीपर्यंत गेलं की पुरे.

या तालुक्यातलं शिरगाव बहुतेकांना माहीत असतं ते लईराईच्या जत्रेमुळे. वैशाखात धोंड व्रत करतात, मध्यरात्रीनंतर होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालतात, आणि देवीला मोगऱ्याच्या कळ्या वाहिल्या जातात. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई अशा या सात बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा. रागाच्या भरात लईराईने भावाला लाथ मारली आणि त्या पश्चात्तापातून ती अग्नीवरून चालू लागली, अशी आख्यायिका सांगतात. एक बहीण तर म्हापशाची मिलाग्रीस सायबीण झाली असं मानतात, आणि तिच्याशी फुला-तेलाची देवाणघेवाण अजून चालते. म्हणजे भांडण झालं, वाटा वेगळ्या झाल्या, तरी नातं तुटलं नाही. या मुलखाला ही गोष्ट नवी नाही.

याच शिरगावच्या भोवती लोहखनिजाच्या खाणी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलादासाठी खनिज हवं होतं, आणि १९५०च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात खाणींचा धंदा एकदम वाढला. डोंगर फोडून माल ट्रकने नदीकाठी यायचा, तिथून बार्जमधून मांडवीमार्गे मुरगाव बंदरात आणि पुढे बोटीने परदेशी. या धंद्यातून काही घराणी मोठी झाली. त्यांतली एक पणजीचे धेंपे आणि दुसरी वास्कोचे साळगावकर. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हेही मूळचे खाणमालकच.

वासुदेव साळगावकरांनी १९५६ साली आपला फुटबॉल संघ उभा केला. धेंपोची सुरुवात तर डिचोलीतच झाली. आधी हा संघ डिचोलीच्या नावानेच खेळत असे. पुढे धेंपे घराण्याने त्याला आश्रय दिला आणि नाव बदललं. १९६८ हे धेंपो क्लबचं स्थापनेचं साल मानलं जातं. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळी सराव, मग हजेरी, महिन्याला पगार. घरातली आई मुलाच्या फुटबॉलला नाक मुरडत नसे, कारण पायाने चेंडू मारता मारता घरात धान्य येत होतं. चुरस पेटली ती इथे. दोन्ही घराणी एकाच धंद्यातली, दोन्ही नद्यांतून एकच खनिज नेणारी. बाजारात कुणाचा माल किती गेला हे सामान्य माणसाला कुठून कळणार? पण रविवारी कुणी किती गोल केले ते सगळ्यांना दिसत होतं.

हे काही फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत तिथला वेगळाच फुटबॉल खेळतात, लांबट चेंडू हातात धरून पळायचा. त्या खेळातली सगळ्यात जुन्या चुरशींपैकी एक आहे ग्रीन बे पॅकर्स आणि शिकागो बेअर्स यांची. पॅकर्स हा संघ १९१९ साली निघाला. कपड्यांसाठी पैसे दिले मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने, म्हणून नाव पॅकर्स. बेअर्स हा मुळात स्टेली नावाच्या स्टार्च कारखान्याचा संघ. दोघे पहिल्यांदा भेटले २७ नोव्हेंबर १९२१ला, आणि शिकागोने २०-० असा विजय मिळवला. तेव्हापासून दोनशेहून अधिक सामने झाले आहेत. एकीकडे डबे, दुसरीकडे स्टार्च. आपल्याकडे दोन्हीकडे लोखंड. सुरुवात सारखीच.

सुरू झालेली चुरस टिकते कशी, हा पुढचा प्रश्न. पहिली अट म्हणजे पारडं सतत एकाच बाजूला झुकता कामा नये. धेंपोने १९७८ आणि १९७९ साली मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. साळगावकरने १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ दोनदा फेडरेशन चषक आणला. राष्ट्रीय लीग जिंकणारा पहिला गोव्याचा संघ साळगावकर, १९९८-९९च्या हंगामात. मग आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली धेंपोची पाळी आली: २००४-०५, २००६-०७, आणि पुढे आय-लीगमध्ये २००७-०८, २००९-१०, २०११-१२. मध्येच २०१०-११ला साळगावकर. दक्षिण गोव्यातल्या चर्चिल ब्रदर्सनेही दोनदा बाजी मारली. २००६-०७पासून २०१२-१३पर्यंत सलग सात हंगाम देशाचं विजेतेपद या एवढ्याशा राज्याबाहेर गेलं नाही! कोलकात्याचे मोठे संघ बघत राहिले. हे एकट्या संघाचं काम नव्हतं. शेजारी बलवान होता म्हणून प्रत्येकाला बलवान व्हावं लागलं.

दुसरी अट म्हणजे अधूनमधून एकत्र यावं लागणं. १९८३-८४च्या हंगामात गोव्याने संतोष करंडक जिंकला. साळगावकरचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर तेव्हाचे गोव्याचे मोठे नाव. ते भारताचेही कर्णधार झाले. राज्याच्या संघात एरवी एकमेकांना अडवणारे खेळाडू एकाच रंगाचा शर्ट घालून उभे राहत. कुणाचा खरा गुण काय, हे प्रतिस्पर्ध्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि म्हणून त्याची खरी किंमतही तोच करतो. ग्रीन बेमध्ये १९५६ साली नवं मैदान बांधावं की नाही यावर गावाचं मतदान होतं. त्या वेळी शिकागोचे सर्वेसर्वा जॉर्ज हॅलस स्वतः तिथल्या सभेत गेले आणि मैदानाच्या बाजूने बोलले. समोरचा टिकला नाही तर आपणही टिकणार नाही, हे त्यांना समजत होतं.

या दोन अटी नसल्या किंवा हाताबाहेर गेल्या की काय होतं तेही इतिहासात आहे. कोलकात्यात मोहनबागान आणि ईस्ट बंगाल यांच्या चुरशीत घोटी-बांगाल वाद मिसळला, फाळणीचं दुःख मिसळलं. १९९७ साली त्यांचा एक सामना बघायला सव्वा लाखावर लोक जमले. पण त्याच चुरशीत १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर चेंगराचेंगरी होऊन सोळा जण दगावले. चुरशीचं वैर व्हायला कधीकधी एक दुपार पुरते. गोव्यात ही पाळी आली नाही. संघ जात, धर्म किंवा गावाच्या नावाने विभागलेले नव्हते. कंपनीच्या नावाने होते, आणि कंपनीसाठी कुणी जीव घेत नाही.

पण कंपनीच्या नावात जे सुख होतं तिथेच कमकुवतपणाही होता. धेंप्यांनी २००९ साली आपला खाणधंदा सेसा गोवाला १७५० कोटी रुपयांना विकला. २०१२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या. २०१४मध्ये नवी झगमगती लीग आली, आणि एफसी गोवा या नव्या संघाच्या मालकांत धेंपे आणि साळगावकर ही दोन्ही नावं शेजारी शेजारी बसली. २०१६ साली राष्ट्रीय स्पर्धेची घडी बदलणार असं दिसल्यावर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनीही आय-लीग सोडली. अनेक दशकांची चुरस राष्ट्रीय मैदानावरून एका निर्णयात उतरली. धेंपो २०२४ला आय-लीगमध्ये परतला. पण साळगावकर तिथे नाही. पुन्हा तेच, चुरशीला दोघं लागतात.

आता ग्रीन बेकडे परत बघा. तिथली मांसाची कंपनी तर संघ निघाल्यावर दोनेक वर्षांतच गेली. तरी पॅकर्स राहिले, कारण १९२३ साली गावातल्या लोकांनी भाग विकत घेऊन संघ आपला केला. आजही त्याचा मालक कुणी एक शेठ नाही, हजारो साधी माणसं आहेत. कंपनी गेली, नाव राहिलं, चुरस शंभरी ओलांडून गेली. आपल्याकडे टाळ्या गावाच्या होत्या, मालकी नव्हती. चुरस किती वर्षं टिकेल हे बऱ्याचदा मैदानावर ठरत नाही. ती कुणाच्या हातात आहे यावर ठरतं.

आणि शिरगावचं काय? ज्या मातीतून ही सगळी मिळकत आली तिथल्या बायकांना कुणी विचारलं नाही, तुमचा संघ कोणता. खंदक खोल गेले, विहिरी आटल्या, शेतात गाळ आला, आणि गावकऱ्यांना पाण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. २०१८मध्ये खाणपट्टे रद्द झाले आणि २०२२च्या लिलावात शिरगावचं नाव पुन्हा खनिजाच्या यादीत आलं. करंडक पणजी-वास्कोच्या कपाटांत राहिले. मी त्या खेळाडूंचं यश कमी लेखत नाही; ते त्यांनी घाम गाळून मिळवलं आणि गोव्याचं नाव मोठं केलं. पण हिशेब मांडताना त्या गावाचा आकडाही त्यात लिहिला पाहिजे.

आपल्या मंडळांत, शाळांत, वाड्यावाड्यांत चुरस असावीच. तिने माणूस जागा राहतो. फक्त आधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. हरल्यावर समोरच्याला आपण ‘शाबास’ म्हणू शकतो का? आणि उद्या पैसे देणाऱ्याने हात काढला, तर हे चालवणार कोण? दोन्हींची उत्तरं आपल्याकडे असली तर चुरस नातवंडांपर्यंत पोचते.